आजीचं बोलणं आणि गटाची जुनी वही

मी शांती नगरहून बोलतेय. शांती नगर म्हणजे मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला असलेली इमारतींची मोठी वसाहत, मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतली. इथे मी बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आमच्या गटांत कोकणातल्या, घाटावरच्या, खानदेशातल्या, मराठवाड्यातल्या बाया आहेत. म्हणजे तुमच्याच बहिणी, नणंदा, मुली. त्यामुळे आज जे सांगणार आहे, ते शहरातलं म्हणून बाजूला ठेवू नका. ते तुमच्या गावाला जास्त लागू आहे.

आमच्या एका गटात एक आजी होत्या. मीरा-भाईंदरच्या आजूबाजूला मिठागरं आहेत, पूर्वी त्याहून बरीच जास्त होती. आजी लग्न होऊन आल्या तेव्हापासून मिठागरावर मजुरीला जायच्या. खाडीचं पाणी वाफ्यात कधी घ्यायचं, मीठ धरायला लागलं हे पाण्याच्या रंगावरून कसं ओळखायचं, मिठाच्या पाट्या वाहून पायाला चिरा पडल्या की काय लावायचं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. बैठक संपली की त्या सांगत बसायच्या. मी दर वेळी म्हणायचे, "आजी, पुढच्या महिन्यात निवांत बसू, मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवू." मग दिवाळी आली, मग बँकेची कामं आली, मग लग्नसराई. पावसाळ्यात आजी गेल्या.

आता आमच्याकडे त्यांच्या दोनच गोष्टी उरल्या आहेत. गटाच्या पहिल्या वहीत त्यांचा अंगठा, आणि एका सभासद ताईच्या फोनमध्ये सहज काढलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ. त्यात आजी म्हणतात, "त्या वर्षी पाणी आत आलं तेव्हा आम्ही तिघीच होतो तिथे." कुठलं वर्ष? कुठलं मिठागर? बाकीच्या दोघी कोण? आता सांगणारं कोणी नाही. आवाज उरला, पण त्या आवाजातली माहिती गेली.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले. जुनी माहिती जपणारी माणसं काम कसं करतात, आपल्याला त्यातलं काय जमेल, ते आज तुम्हाला सांगते.

दप्तर कशाला म्हणायचं?

जुनी कागदपत्रं, फोटो, आवाज जिथे नीट लावून ठेवतात त्या जागेला अभिलेखागार म्हणतात. शब्द जड आहे. आपला जुना शब्द दप्तर. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी लिपीतले कागद कापडात बांधून ठेवलेले आहेत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. प्रत्येक रुमालाला क्रमांक, आणि त्यात काय आहे त्याची यादी. दप्तर आणि अडगळ यांत फरक एवढाच. अडगळीतही कागद असतात, पण कुठला कागद कोणाचा, कधीचा, हे कळत नाही. नाव, गाव, तारीख आणि यादी, या चार गोष्टी लागल्या की अडगळीचं दप्तर होतं.

आपल्याकडे हे वेड लागलेल्या माणसांची परंपरा मोठी आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरले. वाड्यांच्या माळ्यावर पडलेले, वाळवीने खाल्लेले कागद त्यांनी मागून आणले, वाचले आणि छापले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे एकूण २२ खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, त्याच्या संस्थापकांत राजवाडे होते. हे काम झालं नसतं तर महाराष्ट्राचा बराचसा इतिहास रद्दीत गेला असता.

पण एक विचार करा. ते कागद कोणाच्या घरचे होते? सरदारांचे, इनामदारांचे, देशमुख-देशपांड्यांचे, कुलकर्ण्यांचे. ज्यांच्या घरी लिहिणारा माणूस होता, त्यांचे. जिच्या घरी लिहिणारं कोणी नव्हतं, तिचा कागद कुठून सापडणार? बाईचं नाव त्या दप्तरात क्वचित येतं. मजुरी करणाऱ्या बाईचं तर जवळजवळ नाहीच. मग आपल्या आज्या-पणज्यांनी काही केलंच नाही का? केलं. पण त्यांनी ते तोंडाने सांगितलं. त्यामुळे ते शोधायची जागा वेगळी आहे.

जात्यावरचं दप्तर

ती जागा एका जोडीला सापडली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ. गी मूळचे फ्रान्सचे, पुढे भारताचे नागरिक झाले. दोघं पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेसोबत काम करत होते. गावातल्या बायांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं की बैठकीत गप्प बसणारी बाई जात्यावर बसली की सगळं बोलते. सासर, माहेर, भाऊ, नवऱ्याचा मार, पाऊस, विठ्ठल, सीतेचा वनवास, बाबासाहेब, काहीही बाकी ठेवत नाही. पहाटे सगळं घर झोपलेलं असताना दळताना तिचं मन मोकळं व्हायचं.

त्याच वेळी गावोगाव विजेच्या गिरण्या आल्या होत्या. गिरणी आली हे चांगलंच झालं, हाताचे कष्ट वाचले. पण जातं कोपऱ्यात गेलं आणि ओव्या म्हणायची वेळही त्याच्याबरोबर गेली. सुनांना ओव्या येईनाशा झाल्या. तेव्हा १९८० च्या दशकात या मंडळींनी ओव्या गोळा करायला सुरुवात केली.

आणि गोळा कोणी केल्या? फक्त शहरातून आलेल्या अभ्यासकांनी नाही. संघटनेतल्या गावच्या बाया स्वतः गावोगाव गेल्या, ओळखीच्या बायांजवळ बसल्या, ओव्या ऐकल्या, उतरवून घेतल्या. असं करत एक हजाराहून जास्त गावांतल्या तीन हजारांहून जास्त बायांच्या मिळून एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. पुढे १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे जाणकार या कामात आले. त्यांच्यामुळे शंभराहून जास्त तासांचं ध्वनिमुद्रण झालं आणि सगळं संगणकावर आलं.

इथली महत्त्वाची गोष्ट मी मुद्दाम सांगते. आपण म्हणतो, ओवी काय, सगळ्यांचीच. कोणी रचली कोणास ठाऊक. पण या मंडळींनी ओवीपुढे गाणारीचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, तालुका लिहिला. विषयवार मांडणी केली. त्यामुळे आज भावाबहिणीच्या ओव्या हव्यात म्हटलं तर त्या वेगळ्या काढता येतात, आणि त्या कोणत्या गावच्या कोणत्या बाईने म्हटल्या तेही कळतं. जिचं नाव रेशन कार्डावरही शेवटी यायचं, तिचं नाव ओवीच्या पुढे पहिलं आलं.

गी पोइतवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली गेल्या. काम थांबेल असं वाटत होतं. पण पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ साली पारी नावाचा ग्रामीण भारताचा संग्रह सुरू केला, त्या लोकांनी हा ठेवा हातात घेतला. २०१७ पासून या ओव्या इंटरनेटवर सगळ्यांना ऐकायला मिळतात, फुकट. मोबाईलवरही ऐकता येतात.

पारीची माणसं आणखी एक काम करतात. ती त्या गावांत परत जातात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जिने ओवी म्हटली, तिला शोधतात, भेटतात, तिचा फोटो घेतात, तिची आताची हकिकत लिहितात. काही ठिकाणी ती बाई हयात नसते, मग घरच्यांना भेटतात. विचार करा, नाव आणि गाव लिहून ठेवलेलं नसतं तर परत कुणाकडे जाणार होते? आमच्या आजींच्या त्या दोन मैत्रिणींना मी शोधू शकत नाही, कारण नावच नाही.

सभेला गेलेल्या बाया

दुसरं उदाहरण पुस्तकाचं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींचं 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली आलं. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. नागपूरला दलित महिलांची मोठी परिषद झाली ती १९४२ साली. या चळवळीत बाया हजारोंनी होत्या. पण लिहिलेल्या इतिहासात त्यांची नावं फारशी नव्हती. या दोघींनी जुन्या कार्यकर्त्या बायांचा शोध घेतला, त्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यामुळे कोण सभेला गेली, कुणी मुलींना शाळेत घातलं, कुणी भाषण केलं, हे नावानिशी कळलं.

तिसरं उदाहरण माझ्या शेजारचं. मीरा रोडच्या आधीचं स्टेशन दहिसर. तिथे स्पॅरो नावाची संस्था आहे. १९८८ साली डॉ. सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज या तिघींनी ती स्थापन केली. लक्ष्मी या तमिळमध्ये अंबई या नावाने कथा लिहितात. या संस्थेत फक्त बायांविषयीचा ठेवा आहे: मुलाखतींचं ध्वनिमुद्रण, फोटो, चळवळींची पोस्टरं, पुस्तकं, चित्रफिती. मी रोज लोकलने ज्या स्टेशनावरून जाते, तिथे बायांच्या आवाजाचं एक घर आहे, हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

आपण कुठून सुरुवात करायची?

संस्था, इमारत, संगणक यांची वाट बघू नका. गटाच्या कपाटातून सुरुवात करा. गटाची पहिली वही कुठे आहे? आमच्या एका गटाची पहिली वही दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेली. पुढे एक सभासद वारली, तेव्हा तिच्या मुलीने विचारलं, आईची सुरुवातीपासूनची बचत किती? आमच्याकडे दाखवायला कागद नव्हता. पासबुकात गटाची एकत्र रक्कम, बाईची वेगळी नाही. जुन्या सभासदांच्या आठवणीवर हिशेब लावावा लागला. म्हणजे जुनी वही हौसेची गोष्ट नाही, हक्काचीही आहे.

त्या वहीत आणखी काय असतं बघा. कोणी पहिलं कर्ज कशासाठी काढलं? शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, मुलीच्या फीसाठी, नवऱ्याच्या दवाखान्यासाठी. गावात त्या काळात बायांना कशाची गरज होती, याचा तो खरा पुरावा आहे. आधी अंगठे आहेत, मग पुढच्या पानांवर सह्या आहेत. बाई लिहायला कधी शिकली ते त्यावरून कळतं.

कागद जपायचे साधे नियम असे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडते आणि कागद खराब करते. लॅमिनेशन करू नका, एकदा केलं की काढता येत नाही. टाचण्या आणि क्लिपा काढून टाका, त्या गंजतात. वही सुती कापडात बांधा, पत्र्याच्या पेटीत ठेवा, पेटी जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवा आणि ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब. पावसाळा संपला की उघडून बघा. जुन्या फोटोमागे पेनने लिहू नका. शिसपेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने लिहा: कोण, कुठे, कधी. डावीकडून उजवीकडे नावं. हे आजच करा, कारण फोटोतली माणसं ओळखणारी आजी आज आहे.

आवाज कसा घ्यायचा?

फोन सगळ्यांकडे आहे. पण आधी फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन बोलण्यात घंटा वाजते. पंखा, टीव्ही, मिक्सर बंद. फोन हातात न धरता बोलणारीच्या जवळ, घडी केलेल्या कापडावर ठेवा. सुरू केल्यावर सगळ्यात आधी तुम्ही बोला: आज तारीख अमुक, मी अमुक, माझ्यासोबत अमुक मावशी, गाव अमुक, तालुका अमुक. एवढं अर्ध्या मिनिटाचं काम आमच्या त्या व्हिडिओत झालं असतं, तर आज मी असं हळहळत बसले नसते.

"तुमचा इतिहास सांगा" असं कधी विचारू नका. बाई लगेच म्हणते, "माझा कसला गं इतिहास?" हातातली, रोजची गोष्ट विचारा. लग्न होऊन आलात तेव्हा पाणी कुठून आणायचा? दळण कुठे दळायचा? मजुरी किती होती, बाईला किती आणि पुरुषाला किती? बाळंतपण कुणी केलं? १९७२ च्या दुष्काळात कुठल्या कामावर होतात? एवढं विचारलं की खडी फोडणं, सुकडी, कामावर झोळीत बांधलेलं मूल, सगळं बाहेर येतं. महाराष्ट्राची रोजगार हमी त्या दुष्काळातूनच उभी राहिली. त्या कामावर वीस वर्षांची असलेली बाई आज सत्तरीच्या पुढे आहे. लातूर-धाराशिवकडच्या मैत्रिणींनी १९९३ च्या भूकंपाचं विचारावं. त्या रात्रीनंतर बायांनी घरं पुन्हा कशी उभी केली, हे सरकारी अहवालात सापडणार नाही.

आणि मध्ये बोलू नका. ती गप्प झाली तर तुम्हीही गप्प बसा. बऱ्याचदा त्या शांततेनंतरच खरं बोलणं येतं.

परवानगीशिवाय काहीही नाही

इथे आमच्याकडून झालेली एक चूक सांगते. एकदा बैठकीत एका ताईने सासरच्या पहिल्या वर्षांतला मार सांगितला. कोणीतरी ते रेकॉर्ड केलं आणि चांगल्या हेतूनेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. दोन दिवसांत ते तिच्या सासरच्या गावी पोचलं. ती ताई चार महिने बैठकीला आली नाही. आम्ही तिच्या घरी जाऊन माफी मागितली, फोनमधून ते काढून टाकलं. पण पुढे गेलेलं परत येत नाही.

तेव्हापासून आमचा नियम पक्का झाला. रेकॉर्ड करण्याआधी विचारायचं. झाल्यावर तिला ऐकवायचं. मग पुन्हा विचारायचं: हे कोणी ऐकलं तर चालेल? फक्त घरचे, फक्त गट, की सगळे? यातलं काय गाळायचं? आत्ता नको, मी गेल्यावर चालेल, असं एका मावशींनी सांगितलं. तेही वहीत लिहिलं. जी गोष्ट तिची आहे, तिचा मालक तीच.

ही वही म्हणजे आपल्या दप्तराची यादी. त्यात रकाने आखा: क्रमांक, तारीख, सांगणारीचं नाव आणि गाव, विषय, कोणी रेकॉर्ड केलं, परवानगी कशी, कुठे ठेवलं. आणि प्रत्येक रेकॉर्डिंग तीन ठिकाणी ठेवा. एक फोनमध्ये, एक पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या घरी किंवा गावाच्या वाचनालयातल्या संगणकावर. फोन पाण्यात पडतो, घरात पाणी शिरतं, म्हणून तिसरी प्रत लांब हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवताना तो बारीक होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पेटीत ठेवून कुलूप लावू नका

एवढं करून ते पेटीतच राहिलं, तर आपण माळ्यावरचे कागद पेटीत हलवले एवढंच. ज्यांचं आहे त्यांना परत ऐकवा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणासोबत पाच मिनिटं एका आजीचं बोलणं लावा. महिला ग्रामसभेच्या आधी जुने फोटो दोरीला चिमट्याने लावा आणि बायांना नावं ओळखायला सांगा. नको असलेला फोटोही मग घराघरांतून बाहेर येतो. शाळेच्या बाईंना सांगून मुलांना एक प्रश्न देऊन आजीकडे पाठवा. आणि तुमच्या भागात सामुदायिक रेडिओ असेल तर त्यांना ऐकवा, त्यांना अशा गोष्टी हव्याच असतात.

आम्हीही आजींचा तो दीड मिनिटाचा व्हिडिओ आजींच्या मुलीला विचारून बैठकीत लावला. त्यांची नात पहिल्यांदाच बैठकीला आली होती. तिने तीन वेळा लावायला सांगितला. मग घरी जाऊन वडिलांना विचारून आली आणि म्हणाली, "त्या तिघींतली एक माझी मावसआजी असेल. ती उत्तनला असते. अजून आहे."

येत्या रविवारी आम्ही दोघी उत्तनला जाणार आहोत. फोन चार्ज करून ठेवला आहे. पहिल्या पानावर तारीख लिहायला नवी वहीही घेतली आहे.

तुमच्या गटातही एखादी अशी आजी असेल. तिला "पुढच्या महिन्यात" म्हणू नका.